पळून जायचं, पण वाजतगाजत

त्या कासाराची आठवण झाली की अजून माझं डोकं फिरतं. आता माझ्या नातसुना दुकानातनं डब्यातल्या बांगड्या आणतात आणि आपल्या हातानं घालतात, कासार दारात येत नाही, तरी माझा राग काही कमी होत नाही. माणसानं दुसऱ्याच्या जिवावर हट्ट करायचा म्हणजे किती करायचा! पळून जाणारी बाई कशी जाते? गुपचूप जाते, डोक्यावरनं पदर ओढून, भिंतीच्या कडेकडेनं. मला या माणसानं सनई-ताशा लावून पळवली. भर दुपारी, कोल्हापुरात, आमच्या दादाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

सगळी पेठ त्याला कासारमामा म्हणायची. मीही तोंडावर मामा म्हणायची, मागं मात्र 'तो', आणि फारच झालं तर 'तो मेला'. उंच, खांद्यात वाकलेला, दोन्ही खांद्यांवर बांगड्यांच्या माळा अडकवलेल्या. तो गल्लीत शिरायच्या आधी त्याचा आवाज शिरायचा. ओट्यावर बसला की आधी बाईचा हात हातात घ्यायचा, हाडं चाचपायचा आणि सांगायचा, "दुखलं तर शिवी दे, रडू नगो. रडलं की हात आखडतोय, शिवी दिली की ढिला पडतोय." त्यामुळं कासार आला की घराघरातनं शिव्या ऐकू यायच्या. माझी आई, जिनं जन्मात कुणाला 'अरे' म्हटलं नाही, तिनंसुद्धा त्याला 'मुडद्या' म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय. तो खूश व्हायचा. "आता कसं! चढली बघा बांगडी," म्हणायचा आणि पुढचा हात ओढायचा.

माझं लग्न लहानपणी झालं, आणि नवरा तापानं गेला तेव्हा मी अजून परकरात होते. उंबऱ्यावर हात आपटून माझ्या बांगड्या फोडल्या, त्या या कासारानंच भरलेल्या होत्या. त्यानंतर तो सणाला आला की आई मला माजघरात पिटाळायची. विधवेचं आणि कासाराचं काय काम? पण हा वेडा माणूस, घरातल्या सगळ्या बायकांचं भरून झालं की उठायचा, आत डोकावायचा, माझ्या मोकळ्या मनगटाकडं टक लावून बघायचा आणि मोठ्यानं माप सांगायचा.

"वाढलं गं पोरी तुझं माप. औंदा जरा मोठी लागंल."

आई संतापायची. "लाज न्हाई वाटत? तिला कशाला माप सांगतोयस?"

"माप सांगिटलं. बांगडी कुटं दिली?" असं म्हणून हा पायऱ्या उतरून चालता व्हायचा.

दर सणाला हेच. मला वाटायचं, हा मुद्दाम मीठ चोळतोय. मी हात लुगड्यात गुंडाळून बसायला लागले, तर दारातनं ओरडला, "लपवू नगो! हात हाय त्यो, चोरी न्हवं!" शेजारच्या बायका हसल्या. त्या दिवशी मी जेवले नाही.

आई गेली आणि घर दादाच्या हातात आलं. दादा माझा थोरला भाऊ. वाईट माणूस नव्हता, पण घराण्याचं भारी वेड. "आमच्यात पाट लागत न्हाई," हे तो अशा थाटात सांगायचा, जणू त्याला दरबारात खुर्चीच मिळाली होती. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. ज्यांच्यात लागायचा त्यांच्यातही तो रात्री लागायचा, दिवा मालवून, गावाबाहेर कुठंतरी, आणि उजाडेपर्यंत त्या दोघांचं तोंड कुणी बघायचं नाही. सवाशिणींनी तर नाहीच. तर दादानं असं ठरवलं की दसरा झाला की मला कसबा बावड्याला माझ्या दिराकडं कायमचं पाठवून द्यायचं. दिराला घरात आणि शेतात राबायला फुकटचं माणूस हवं होतं. त्याची नजर कशी होती ते मी दादाला लाज सोडून सांगितलं. दादा काय म्हणाला? "तुझंच कायतरी आसंल." सख्खा भाऊ! आज इतक्या वर्षांनीही हे वाक्य मी शब्दाशब्दाला तसंच लिहू शकते.

त्याच सुमाराला दादाच्या मुलाला शिकवायला एक मास्तर घरी यायचे. तेच पुढं आमचे 'हे' झाले. त्यांना आईबाप नव्हते, कासाराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचे. विधवेचं लग्न सरकारात रीतसर नोंदता येईल असा कायदा कोल्हापूरच्या महाराजांनी नुकताच केला होता. मास्तरांनी तो वाचला, आणि एक दिवस तांब्या माझ्या हातातनं घेताना खालच्या आवाजात मला विचारलं. मी हो म्हटलं. इतकंच. आमचा बेत साधा होता. कचेरीत सह्या करायच्या, मिरजेची गाडी धरायची, बस्स. पण खोली सोडायची म्हणून मास्तरांनी घरमालकाला सांगितलं, आणि तिथं घात झाला.

दुसऱ्या दिवशी मी घागर घेऊन पंचगंगेला निघाले, तर वाटेत हा दारात उभा. हातानं खूण करून आत बोलावलं. मास्तर खाली मान घालून बसलेले. यानं ओट्यावर पोतं अंथरलं, कनवटीच्या पिशवीतनं सुपाऱ्या काढल्या आणि एकेक मांडायला लागला.

"पळून जायचं हाय न्हवं? मग दिवस नीट मांडाय पायजे. ही सुपारी चुड्याची. ही हळदीची. ही रुखवताची."

"रुखवत?" मी म्हटलं. "अहो मामा, मी पळून चाललेय!"

"म्हणूनच! घरच्यांनी दिलेली पोरगी रुखवताबिगर ग्येली तर लोक म्हणत्यात, गरीब हाईत. पळालेली रुखवताबिगर ग्येली तर काय म्हणत्यात, ठावं हाय?"

मास्तर म्हणाले, "मामा, आम्हाला फक्त सही करून गाडी गाठायची आहे."

"गाडी मालाला आसती, मास्तर. नवरीला मिरवून न्हेत्यात." आणि आणखी एक सुपारी ठेवली. "ही वाजंत्र्याची."

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "पाटाला कुठं वाजंत्री असतात?"

झालं. त्यानं पोत्यावर अशी मूठ आपटली की सुपाऱ्या उडाल्या. "पाट म्हणायचं न्हाई! ह्या घरात त्यो शब्द काढायचा न्हाई! लगीन हाय. दिवसा लागंल, अंतरपाट धरून लागंल, अक्षता पडतील. जमत नसंल तर जा मिरजंला. पर चुडा भरायला माझ्याकडं येऊ नगो. आनी माझ्याबिगर कोल्हापुरात कोन भरतंय तुझ्या हातात बांगडी, मी बी बघतो की!"

आणि ते खरं होतं, हेच तर संतापाचं कारण. दुसरा एकही कासार विधवेच्या हाताला हात लावणार नव्हता. आमची शेंडी त्याच्या हातात सापडली होती. उडालेल्या सुपाऱ्या त्यानं पुन्हा गोळा करून मांडल्या, आणि शेवटची एक सगळ्यांपासून लांब, पोत्याच्या कोपऱ्यात ठेवली. मी विचारलं, ही कसली? "ती माझी. त्या वक्ताला सांगतो," म्हणाला.

पुढचे दिवस मी घागर घेऊन जायची आणि तो मला कामं सांगायचा. रुखवतात तुझ्या हातचे गव्हले पायजेत. म्हणजे रव्याचे ते बारीक दाणे, चिमटीत वळून वाळवायचे. विधवेनं शुभकार्याचे गव्हले वळायचे नसतात, त्यामुळं मी ते परसात लपून वळले आणि तांदळाच्या डब्यात तळाशी लपवले. भीतीनं जीव अर्धा झाला. एक दिवस पुडकं काढलं, तर ते जड लागलं. मी पांढरे वळले होते, आणि आत हळदीत रंगवलेले पिवळे दाणेही होते. घरात दुसरी बाई एकच होती, माझी वहिनी. मी पुडकं तसंच बांधून पुन्हा तळाशी ठेवलं.

मग उखाणा. तो यानं स्वतः रचला, मास्तरांचं नाव घालून, आणि माझ्याकडनं पाठ करून घेतला. तो इतका वाईट होता की शिक्षकाची बायको म्हणून मी तो इथं लिहू शकत नाही.

ठरल्या सकाळी मी नेहमीसारखी घागर घेऊन निघाले आणि त्याच्या घरात शिरले. अंगणात मांडव! आंब्याचे टहाळे! सनईवाला गाल फुगवून बघत होता. मी मटकन खालीच बसले. त्यानं आधी माझ्या हातातली घागर घेतली.

"ही कुनाची?"

"दादाची."

"दुसऱ्याचं भांडं घिऊन पळायचं न्हाय," म्हणाला, आणि ती घागर पाण्यानं भरून, तिला हळदकुंकू लावून, वर नारळ ठेवून, शेजारच्या टांगेवाल्या चाचांच्या हाती आमच्या घरी पाठवून दिली. ऐकलंत? माझ्या घरी! लग्नघरातनं पाठवतात तशी सजवलेली घागर, विधवा बहीण पाण्याला गेली तिची! मी ओरडले, "आता दादा काठी घेऊन निघेल की!"

"निघू दे. त्येला कळाय नगो? हात फुडं कर."

त्यानं माझा हात घेतला. इतक्या वर्षांनी कुणी तरी तो हात घेतला. माप विचारलं नाही, चाचपलंही नाही, त्याला पाठच होतं. हिरवा चुडा एकेक करून चढायला लागला आणि मला हुंदका आला. "हां! शिवी दे," तो म्हणाला. मला एकही शिवी सुचेना. त्या एका दिवशी तरी सुचायला हवी होती.

हळदीची तऱ्हा ऐका. गल्लीतल्या बायका दारांतनं डोकावत होत्या, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. विधवेला हळद लावायची म्हणजे आपल्या कपाळाला धोका. कासारानं हाका मारल्या, नावं घेऊन मारल्या, एक पुढं येईल तर शपथ. शेवटी चाचांची बायको बुरख्याची टोकं खोचत आली. "थांब गं बये, मी लावते. माझं काय वाटुळं हुतंय बगू," म्हणाली आणि माझ्या गालांवर हळद चोळली. दुपारी जिलबीचा वास सुटला तेव्हा मात्र त्याच सगळ्या बायका पोराबाळांसकट मांडवात हजर. हळदीला एक नाही आणि जिलबीला अख्खी गल्ली! त्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

मंगलाष्टकं सुरू झाली. महाराजांच्या नव्या वैदिक शाळेत शिकलेला एक तरुण पुरोहित म्हणत होता. मी अंतरपाटाच्या अलीकडं, कपाळाला मुंडावळ्या, हातात हार. आणि तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला.

"आमची पोरगी दिसली का वो कुनाला? विधवा हाय. विटकं लुगडं, हातात काय न्हाई."

बावड्याचा रस्ता, दिराचं घर, सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. अंतरपाट पडायच्या आत त्यानं मला ओढलं असतं तर संपलं होतं. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातनं पाहिलं. दादानं मांडवात सगळीकडं नजर फिरवली. माझ्यावरही आली ती. माझ्या हातांवर आली, हिरवा चुडा बघितला, आणि तशीच पुढं गेली. विटकं लुगडं शोधणाऱ्याला भरल्या हातांची बाई दिसतच नाही. तो मला शोधत होता आणि मी त्याच्यासमोर उभी होते. सख्खा भाऊ!

कुणीतरी म्हणालं, "लगीन लागतंय, पावणं. आदी अक्षता घ्या, मग इचारा." आणि त्याच्या मुठीत अक्षता कोंबल्या. लग्नात मुठीत अक्षता आल्या की कोल्हापूरचा माणूस दुसरं काय करणार? 'सावधान' झालं, सगळ्यांचे हात उठले, दादाचाही उठला.

अंतरपाट निघाला, ताशा कडाडला, आणि मी वळले तेव्हा त्यानं मला ओळखलं. काठी सरसावून पुढं आला. कासार मध्ये उभा राहिला. नुसता उभा राहिला, हातही उचलला नाही.

"काय पावणं? अक्षता पोचल्या तुमच्या. ह्यो बघा, पोरीच्या खांद्यावर दाना हाय."

"मला काय म्हाईत हुतं?" दादा ओरडला. "मला म्हाईत नव्हतं!"

"म्हाईत नसताना बी हात वर ग्येला की. आता आशीर्वाद माघारी कसा घेनार? हितं एवढ्या मानसांनी बघितलंय. सांगा, घेता माघारी?"

सगळा मांडव दादाकडं बघत होता. दादाला घराण्याचं वेड, चारचौघांत बहिणीवरच्या अक्षता तो कसा उचलणार? तो काठी घेऊन तसाच निघून गेला, जिलबीला थांबला नाही. माझ्या दारात तो पुढं कधी आला नाही. पण गावात कुणी म्हणालं, 'तुमच्या बहिणीचा पाट लागला म्हणं,' की दादा खेकसायचा, "पाट न्हाई. लगीन. मी हुतो तितं." हे मला वहिनीनं सांगितलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी पंगतीत चाचा खुशीत येऊन सांगायला लागले की घागर बघून दादा मला हुडकत स्टेशनवर गेला होता, तिथनं आपणच त्याला टांग्यात घालून आणला. "म्हटलं, पाव्हणं, सगळं गाव एका लग्नाला जमलंय, तितं इचारू." आणि हे करायला त्यांना कुणी सांगितलं होतं? या कासारानं! घागर पाठवली ती त्यासाठीच!

माझा घास हातात राहिला. नवी नवरी, पण मी उठले आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. "तुम्ही माझ्या दादाला बोलावलंत? त्यानं मला ओढून नेलं असतं तर? माझ्या जिवाशी खेळ मांडलात तुम्ही!"

"भावाबिगर लगीन कसं?" तो शांतपणे म्हणाला. "परक्यांनी बघितलेलं पुरत न्हाई, पोरी. घरच्यानं बघाय पायजे. चल, एक सुपारी ऱ्हायलीया."

मला वाटलं मिरवणूक. टांगा फुलांनी सजवलेला, पुढं वाजंत्री, मास्तर अवघडून बसलेले, आणि लोक माड्यांवरनं बघताहेत. पेठेतनं वाजत गेलो, पण देवळाकडं नाही, टांगा वळला पंचगंगेकडं, आणि घाट सोडून पुढं, जिथं चिता जळतात तिकडं. वाजंत्री आपोआप थांबले. आता मात्र माझा तोल गेला. हिरव्या चुड्यानं, हळदीच्या अंगानं, लग्नाच्या दिवशी स्मशानात! "अक्कल गहाण टाकलीत का?" मी त्याला म्हटलं. मास्तर म्हणाले, "असू दे." मी म्हटलं, "असू दे काय? अपशकुन हाच राहिला होता!"

तो खाली उतरला. हातात सूप होतं, त्यात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. ते माझ्यापुढं धरलं आणि नदीकडं तोंड करून बोलायला लागला. पहिल्यांदाच त्याचा आवाज हळू होता.

"माझी बायकू पाटाची. रात्री आनली, दिवा मालवून. कुनी बघितलं न्हाई, कुनी अक्षता टाकली न्हाई. पन्नास घरांच्या बायकांच्या हातात मी बांगड्या भरतो, पर तिला कुनी हळदीकुंकवाला बोलीवलं न्हाई. ती मेली तवा मी हाय की जित्ता, म्हंजे सवाशीण मेली न्हवं? सवाशीण मेली की गल्लीतल्या बायका येत्यात, मळवट भरत्यात, ओटी भरत्यात. मी दारोदार ग्येलो. सगळ्या म्हनल्या, तिचं लगीन कुनी बघितलंय?"

मास्तरांनी टोपी काढली. मी टांग्यातनं उतरले.

"मग मीच भरला चुडा. तिचं माप मला ठावं हुतं. पर मेलेला हात कडक आसतोय, पोरी. दाबावं लागतंय. आनी ती काय शिवी देत न्हाई."

मी सूप घेतलं. गुडघाभर पाण्यात गेले, नव्या लुगड्यासकट. खण, तांदूळ, नारळ पाण्यात सोडलं, हळदकुंकू वाहिलं. ज्या बाईचं मी नावही विचारलं नव्हतं तिची ओटी मी, दुपारपर्यंत विधवा असलेल्या बाईनं, भरली. आणि मला एकेक करून त्या बाया आठवल्या. एक पाय आत, एक पाय बाहेर. जिलबी खाऊन बोटं चाटणाऱ्या. याच बायकांनी त्या मेलेल्या बाईच्या कपाळाला बोट लावलं नव्हतं, आणि हातात बांगड्या मात्र तिच्याच नवऱ्यानं भरलेल्या!

मी नदीत उभी राहून शिवी दिली. सकाळी सुचली नव्हती ती आता सुचली, आणि ती अशी होती की मास्तरांनी कानांवर हात ठेवले.

मागनं कासार म्हणाला, "मोठ्यानं दे पोरी. तिला ऐकू ग्येली पायजे."